मंगळाचा फोटो वाचायचा कसा? विवरं, लाव्हाचे थर आणि आपलं लोणार

गारगोटी (नागपूर)

मंगळावरच्या पर्सिव्हरन्स रोव्हरचे नवे फोटो आले की ओळखीतलं कुणी ना कुणी पाठवतं आणि विचारतं, "सर, ही नदीच होती ना?" उत्साह बघून बरं वाटतं. पण मंगळाच्या फोटोला विचारायचा हा पहिला प्रश्न नव्हे. आधी दोन गोष्टी बघायच्या: उजेड कुठल्या बाजूने पडलाय, आणि कशावर काय पसरलंय. पाणी, लाव्हा, वारा ही नावं त्यानंतर घ्यायची. कॉलेजात भूशास्त्र शिकवताना मुलांकडून हेच घोटून घेत आलोय, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

उजेडाचं आधी. उजेड वरूनच येतो असं आपला डोळा धरून चालतो. कक्षेतून काढलेल्या फोटोत सूर्य चौकटीच्या खालच्या अंगाला असेल तर खड्डा टेकाडासारखा फुगलेला दिसतो. फोटो उलटा फिरवला की तेच टेकाड परत खड्डा होतं. सूर्य क्षितिजाजवळ असला तर सावल्या लांबतात आणि भलतेच आकार उमटतात. १९७६ साली व्हायकिंग १ यानाने मंगळाच्या सिडोनिया भागात टिपलेला 'चेहरा' आठवत असेल. १९९८ आणि २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने तीच जागा बारकाईने टिपली, तेव्हा तिथे झिजलेली, सपाट माथ्याची एक टेकडी निघाली.

आता कशावर काय. ह्याचा धडा नागपुरातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर ह्या दोन मिशनऱ्यांनी सीताबर्डीची टेकडी आणि टाकळीचा परिसर पायी फिरून अभ्यासला. लाव्हाच्या दोन थरांच्या मधे त्यांना गोड्या पाण्यातल्या गाळाचा थर सापडला, त्यात गोगलगायींचे शंख आणि वनस्पतींचे अवशेष. म्हणजे एक लाव्हा आला, थंड झाला, त्यावर तळं साचलं, त्यात जीव वाढले, आणि मग पुढचा लाव्हा आला. खडकाचं वय मोजायचं कुठलंही यंत्र त्या काळी नव्हतं. तरी त्यांनी लावलेला हा क्रम आजही तसाच उभा आहे.

मंगळावर शंख नाहीत, पण विवरं आहेत. आकाशातून दगड आदळून खड्डे पडायचे थांबलेले नाहीत, त्यामुळे जी जमीन जास्त काळ उघडी पडलीय तिच्यावर विवरं जास्त. दक्षिणेकडचा उंच भाग विवरांनी खच्चून भरलेला, उत्तरेकडची सखल मैदानं त्या मानाने गुळगुळीत. ह्याच धाग्याने मंगळाच्या इतिहासाचे तीन मोठे काळ पाडलेत: नोआकियन, हेस्पेरियन आणि अमेझोनियन. नोआकियन साधारण ३.७ अब्ज वर्षांपूर्वी संपला, हेस्पेरियन ३ अब्जांच्या आसपास, आणि तेव्हापासून आजपर्यंत अमेझोनियन.

शिवाय विवर हे फुकटात मिळालेलं बोअरवेल आहे. आघाताने खालचा खडक उसळून बाहेर पडतो. विवर मोठं असेल तर मधोमध शिखर उठतं आणि त्यात आणखी खोलवरचा खडक वर आलेला असतो. कक्षेतल्या वर्णपटमापकांना (उजेडाच्या रंगांवरून खनिज ओळखणाऱ्या उपकरणांना) मातीची खनिजं, ऑलिव्हीन, कार्बोनेट अशा कितीतरी गोष्टी विवरांच्या भिंतींत आणि मधल्या शिखरांतच दिसल्या. रोव्हरला जिथे फावडं मारता येत नाही तिथलं काम उल्केने आधीच करून ठेवलंय.

प्रश्न येऊ द्या, जमेल तसं लिहीन.

---

अंबाझरीकाठ

सुंदर धागा, सर. माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. खड्डा आघाताचाच आहे, ज्वालामुखीचा नाही, हे कशावरून ठरवतात? मंगळावर तर ज्वालामुखीही भरपूर आहेत. लोणारबद्दलही पूर्वी ज्वालामुखीच म्हणत असत, असं ऐकलंय.

---

गारगोटी

हो, लोणारवर हा वाद खूप वर्षं चालला. बाजूला सगळीकडे लाव्हाच, त्यामुळे ज्वालामुखीची शंका येणं साहजिक होतं. निकाल लागला तो खडकाच्या पुराव्यावर. मोठ्या आघातात दाबाचा धक्का इतका प्रचंड असतो की लाव्हाच्या खडकातलं प्लॅजिओक्लेज हे खनिज न वितळताच काचेसारखं होतं. त्या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखीत तेवढा दाब तयारच होत नाही. १९७३ साली फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये लोणारचे असे धक्क्याने बदललेले खडक मांडले आणि लोणार हे बेसॉल्टमधलं, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकातलं, आघात विवर ठरलं.

गंमत म्हणजे मॅस्केलिनाइटचं पहिलं वर्णन झालं तेही भारतात पडलेल्या दगडावरून. २५ ऑगस्ट १८६५ ला बिहारमधल्या शेरघाटीजवळ एक उल्का पडली. १८७२ मध्ये खनिजशास्त्रज्ञ चेरमाक ह्यांनी तिच्यातली ही काच वर्णन केली. तो दगड मंगळावरचा होता हे कळायला पुढे शंभराहून जास्त वर्षं लागली. त्याच कुळातल्या, अंटार्क्टिकात मिळालेल्या एका उल्केतल्या काचेत वायू अडकलेला होता आणि तो व्हायकिंगने मंगळावर मोजलेल्या हवेशी जुळला. मंगळावरून आलेल्या बेसॉल्टी उल्कांच्या त्या गटाला आजही शेरगोटाइट म्हणतात. म्हणजे शेरघाटीच्या दगडात आणि लोणारच्या कडेवरच्या दगडात एकच काच आहे, दोन वेगळ्या ग्रहांवर घडलेली.

फोटोवरून ओळखायचं असेल तर कड बघा. आघात विवराची कड भोवतालच्या जमिनीपेक्षा वर उचललेली असते आणि तळ भोवतालच्या जमिनीपेक्षा खाली. बाहेर मलब्याचं आवरण पसरलेलं असतं. ज्वालामुखीचं मुख बहुतेक वेळा डोंगराच्या माथ्यावर असतं. ऑलिंपस मॉन्स ह्या मंगळावरच्या ज्वालामुखीच्या २२ किलोमीटर उंच माथ्यावर खचलेल्या खड्ड्यांची एकात एक साखळी आहे, पण त्यांच्याभोवती फेकलेला मलबा नाही.

---

पैनगंगा

आमी मेहकरकडचे. लोणार लहानपणापासून पाहत आलो, पण हे कोनी असं समजावून सांगितलं नव्हतं. सर, कड उचललेली असते म्हंता, ते लोणारला उघड दिसते का? आमाले तर कडेवर नुसते तुटके दगड दिसतात. अन् लोणारचाच दाखला मंगळासाठी काहून देतात, जगात दुसरी विवरं नाहीत का?

---

गारगोटी

पैनगंगा भाऊ, फार नेमकं विचारलंत.

दिसते. लोणारच्या आतल्या उतारावर लाव्हाचे पाच-सहा थर ओळखता येतात. आपल्याकडचे लाव्हाचे थर जवळपास आडवे असतात, पण विवराच्या वरच्या भागात तेच थर बाहेरच्या बाजूला कललेले सापडतील. काही ठिकाणी तर ते पूर्ण उलथलेत, म्हणजे खालचा थर वर आणि वरचा खाली. तुम्ही म्हणता ते तुटके दगड म्हणजेच बाहेर फेकलेला मलबा. कडेपासून बाहेर साधारण एक-दीड किलोमीटरपर्यंत तो अजून टिकून आहे, आणि त्याच्या खाली आघाताआधीची जुनी जमीन दबलीय. ओढ्याच्या काठावर किंवा विहिरीच्या कडेला हे उभ्या छेदात बघायला मिळतं. आता जाल तेव्हा एखाद्या कापात थांबून खालून वर बघत या.

लोणारच का, तर खडकामुळे. जगात आघात विवरं पुष्कळ, पण बहुतेक गाळाच्या नाहीतर ग्रॅनाइटसारख्या खडकांत. अ‍ॅरिझोनाचं प्रसिद्ध विवर सुमारे १.२ किलोमीटरचं आहे, पण ते वाळूखडक आणि चुनखडीत. मंगळाचा पृष्ठभाग मुख्यतः बेसॉल्टचा. बेसॉल्टमध्ये पडलेलं, इतकं नीट टिकलेलं, सुमारे १.८ किलोमीटरचं विवर पृथ्वीवर दुसरं दाखवणं अवघड. शिवाय आघातानंतर तापलेल्या खडकातून पाणी फिरलं आणि बेसॉल्टमधून मातीची खनिजं तयार झाली, हेही लोणारच्या खडकांत सापडलंय. मंगळावर जिथे विवरात मातीची खनिजं दिसतात तिथे हाच प्रश्न उभा राहतो: ती आधीपासून खाली होती आणि आघाताने वर आली, की आघाताच्या उष्णतेनेच बनली?

(मंगळाच्या उत्तर भागातल्या एका विवराला लोणार हे नावही दिलेलं आहे. लहान विवरांना छोट्या गावांची नावं देण्याचा तिथे प्रघात आहे.)

---

कक्षा_कोन

मी ग्रहांच्या सुदूर संवेदनावर काम करते, मूळची नागपूरचीच. सरांनी लिहिलेलं पटतं, फक्त विवरं मोजून वय काढण्याबद्दल थोडी सावधगिरी सुचवते. लोक हे आकडे फार ठामपणे सांगतात, आणि तिथेच गडबड होते.

मोजणीचा पाया चंद्रावर आहे. अपोलो आणि लूना मोहिमांनी आणलेल्या खडकांची वयं प्रयोगशाळेत मोजली, ते खडक जिथून आणले तिथली विवरं मोजली, आणि दोहोंचा संबंध बसवला. मग तो संबंध मंगळावर नेला. पण मंगळ लघुग्रहांच्या पट्ट्याजवळ, त्याचं गुरुत्वाकर्षण वेगळं, त्याला पातळ का होईना वातावरण. ह्या सगळ्याच्या दुरुस्त्या करून आकडा निघतो. फार जुन्या जमिनींसाठी तो बरा. तरुण जमिनींसाठी दुपटी-निमपटीचा फरक अगदी सहज पडतो.

दुसरी अडचण दुय्यम विवरांची. मोठ्या आघातात उडालेले दगड परत पडतात आणि स्वतःची विवरं पाडतात. झुनिल हे मंगळावरचं विवर जेमतेम १० किलोमीटरचं, पण त्याने सुमारे एक कोटी दुय्यम विवरं पाडली असा अंदाज २००५ मध्ये मांडला गेला. ती सगळी एकाच दिवसाची. लहान विवरं मोजून वय काढणाऱ्याने ती स्वतंत्र आघात म्हणून धरली तर जमीन आहे त्यापेक्षा कितीतरी म्हातारी निघेल.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: मोजलेलं वय पृष्ठभागाचं असतं, खालच्या खडकाचं नाही. उत्तरेकडची गुळगुळीत मैदानं तरुण वाटतात. पण लेसरने उंची मोजल्यावर त्या मैदानांखाली गाडल्या गेलेल्या जुन्या विवरांची पुसट वर्तुळं दिसली. वरचं पांघरूण तरुण, खालचं कवच म्हातारं.

---

बर्डीवाला

माझा आक्षेप नोंदवतो. लोणार आपल्या हातात आहे, दगड उचलून प्रयोगशाळेत नेता येतो. तरी त्याच्या वयाचे दोन आकडे वाचले: एक ५२ हजार वर्षं आणि दुसरा ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक! इथे ही अवस्था, मग जिथे माणूस पोचलाच नाही तिथल्या वयावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

---

कक्षा_कोन

आक्षेप रास्त आहे, टाळून चालणार नाही.

ते दोन आकडे दोन वेगळ्या पद्धतींचे आहेत. ५२ हजार हा उष्मादीप्तीने काढलेला, म्हणजे काचेत साठलेल्या किरणोत्सारी ऊर्जेवरून. ५ लाख ७० हजार (अधिक-उणे ४७ हजार) हा २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने, म्हणजे खडकातल्या पोटॅशियमपासून हळूहळू बनणाऱ्या आर्गॉन वायूवरून, आघातात वितळून थिजलेल्या खडकावर काढलेला. आर्गॉनची खोच अशी की लोणारचा मूळ बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. तो वितळताना जुना आर्गॉन पूर्ण निसटला नाही तर वय फुगतं. २०११ च्या चमूने हा वारशाने आलेला आर्गॉन हिशेबात धरला, म्हणून माझा कल त्या आकड्याकडे आहे. दुसरे लोक वेगळं म्हणतील.

पण सर मूळ लेखात जे म्हणाले तिकडे परत या. लोणार ५२ हजारांचं असो की पावणेसहा लाखांचं, ते दख्खनच्या लाव्हानंतरचं आहे आणि तळाचा गाळ विवरानंतरचा आहे, ह्यात कुठल्याच पद्धतीने फरक पडत नाही. क्रम आधी लागतो, वर्षं नंतर.

आणि मंगळावर माणूस पोचला नसला तरी एक खडक तिथेच मोजला गेलाय. मंगळावरच्या गेल विवरात क्युरिऑसिटी रोव्हरने छिद्र पाडून काढलेल्या चिखलखडकाच्या भुकटीतून पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने वय काढलं: ४.२१ अब्ज वर्षं, अधिक-उणे ०.३५. गाळातले कण मूळ कुठल्या खडकातून आले त्याचं हे वय. विवरं मोजून त्या भागाबद्दल जो अंदाज होता त्याच्याशी ते विसंगत नाही. एकच बिंदू आहे हे मान्य, पण चंद्रावरून उसना घेतलेला नाही.

---

बर्डीवाला

धन्यवाद ताई. क्रम आणि वर्षं वेगळी करून सांगितल्यावर उलगडलं.

---

कन्हान

मग पाण्याचं काय? जिथे तिथे "मंगळावर पाणी" अशा बातम्या असतात. त्यातलं खरं किती धरायचं?

---

गारगोटी

तुमच्या आयडीवरूनच सुरू करतो. कन्हान नदीच्या पात्रातले गोटे हातात घेतलेत का? गुळगुळीत, कडा गेलेल्या. पाण्यात घरंगळत, एकमेकांवर आपटत तसे होतात. सप्टेंबर २०१२ मध्ये, उतरल्यावर दोनच महिन्यांच्या आत, क्युरिऑसिटीला गेल विवरात असेच गोल गोटे सिमेंटसारख्या घट्ट झालेल्या वाळूत रुतलेले दिसले. वारा वाळू उडवतो, एवढे गोटे उचलून नेत नाही. तिथे ओढा वाहत होता हे त्या दिवशी पक्कं झालं. कारण पुरावा दगडाच्या आकारात होता, नुसत्या वरून दिसणाऱ्या नागमोडी रेघेत नव्हता.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण. २००५ मध्ये विषुववृत्ताजवळच्या एलिझियम भागात तुटलेल्या बर्फाच्या तक्त्यांसारखे आकार दिसले आणि तिथे गोठलेला समुद्र असावा असं 'नेचर'मध्ये मांडलं गेलं. दिसायला हुबेहूब. नंतर मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याने तीच बाजू, अथाबास्का व्हॅलिस ह्या दरीपासून पुढे, पिक्सेलला २५-३० सेंटिमीटर इतक्या बारकाईने बघितली आणि २००७ मध्ये ती जमीन लाव्हाने माखलेली असल्याचं मांडलं गेलं. लाव्हाच्या सायीचे तुकडे होऊन ते वाहत गेले की तसेच तक्ते दिसतात. माझ्या मते आता तिथे समुद्राची बाजू धरण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

उतारांवरच्या काळ्या रेघांचंही तसंच. २०११ पासून त्या खारट पाण्याच्या मानल्या जात होत्या. पुढे लक्षात आलं की त्या फक्त तीव्र उतारांवर असतात आणि उतार मंदावला की थांबतात. कोरडी वाळू घसरते ती नेमकी अशीच.

म्हणून मी "पाणी होतं का" असं विचारतच नाही. कुठल्या काळात, किती वेळ आणि कुठल्या पुराव्यावर, एवढं विचारतो.

---

कक्षा_कोन

सरांना जोडून बर्फाचंही सांगते, कारण तिथे विवरांनी थेट साक्ष दिलीय. मंगळावरच्या कितीतरी विवरांचा मलबा लोणारसारखा विखुरलेला नसून चिखल पसरावा तसा, कडेला बांध असलेल्या पाकळ्यांच्या आकाराचा असतो. जमिनीखालचा बर्फ आघातात वितळून मलब्यात मिसळला, हे त्याचं सर्वात मान्य स्पष्टीकरण.

आणि आताचा पुरावा तर डोळ्यांसमोर घडलेला आहे. २४ डिसेंबर २०२१ ला मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाच्या भूकंपमापकाने ४ तीव्रतेचा हादरा नोंदवला. नंतर कक्षेतल्या फोटोंत अमेझोनिस मैदानात सुमारे १५० मीटरचं ताजं विवर सापडलं आणि त्याच्याभोवती बर्फाची पांढरी ढेकळं विखुरलेली होती. आघाताचा आवाज आणि त्याचं विवर अशी जोडी दुसऱ्या ग्रहावर इतक्या मोठ्या मापात मिळाली, त्याचं मोल आमच्या क्षेत्रात फार आहे.

---

अंबाझरीकाठ

मुलगी नववीत आहे. रमण विज्ञान केंद्रात जाऊन आल्यापासून तिला ग्रहांचं वेड लागलंय. घरी बसून तिला करता येईल असा एखादा अभ्यास सांगाल का?

---

गारगोटी

जरूर. हायराइजचे फोटो कुणालाही फुकट बघता येतात. पर्सिव्हरन्स जिथे उतरलं त्या जेझेरो विवराच्या पश्चिम कडेचा नकाशा तिच्यापुढे ठेवा आणि पाच नावं द्या: आयसिडिस खोरं (हेही आघातानेच बनलेलं), जेझेरो विवर, नेरेत्वा व्हॅलिस ही नदीची वाट, तिच्या तोंडाशी असलेला त्रिभुज प्रदेश, आणि बेल्वा हे जेमतेम एक किलोमीटरचं विवर. आधी काय आणि नंतर काय ते तिला लावू द्या. एकही आकडा सांगू नका.

---

अंबाझरीकाठ

दोन संध्याकाळी बसली होती. तिचं उत्तर असं: आयसिडिस सगळ्यात जुनं, कारण जेझेरो त्याच्या कडेच्या भागात पडलंय. मग जेझेरो. नदीने जेझेरोची कड फोडलीय, म्हणजे नदी जेझेरोनंतरची. नदीने आणलेला गाळ तिच्या तोंडाशी साचला, तो त्रिभुज. बेल्वा त्रिभुजावर पडलंय, म्हणून ते शेवटचं. तिने उलट एक प्रश्न विचारलाय: विवराच्या तळाचा खडक त्रिभुजाच्या आधीचा की नंतरचा? फोटोवरून तिला ठरवता येईना.

---

कक्षा_कोन

तिला माझ्याकडून शाबासकी द्या. पाचही बरोबर. आणि तिने जिथे बोट ठेवलंय तिथे भले भले अडले होते.

जेझेरोत तळं होतं म्हणून तळाचा खडक गाळाचाच असेल असं पुष्कळांना वाटत होतं. १८ फेब्रुवारी २०२१ ला पर्सिव्हरन्स उतरलं आणि तळाचा खडक अग्निजन्य निघाला, काही ठिकाणी ऑलिव्हीनचे दाणे खाली बसून घट्ट झालेला. वरून बघताना त्रिभुजाच्या पायथ्याशी हे दोन खडक नुसते एकमेकांना टेकलेले दिसतात, कोण कुणाच्या खाली जातो ते कळत नाही.

ते जमिनीत डोकावणाऱ्या रडारने दाखवलं. रोव्हर तळावरून त्रिभुजावर चढत असताना त्याच्या रडारने खालचे थर टिपले आणि २०२४ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: तळाचा खडक आधी झिजला, त्या झिजलेल्या, उंचसखल जमिनीवर तळ्याचा गाळ आडव्या थरांत बसला, मग पुन्हा झीज झाली. म्हणजे तळाचा खडक त्रिभुजाच्या आधीचा, आणि दोघांच्या मधे मोठा खंड पडलेला. तिच्या यादीत जेझेरो आणि त्रिभुज ह्यांच्यामध्ये दोन ओळी वाढवायला सांगा: एक तळाच्या अग्निजन्य खडकाची, दुसरी त्याच्या झिजेची.